मोहाखाली तीन फटफट्या

चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर लोक उगाच नवरदेवाला नावं ठेवतात, आणि ते मला अजूनही सहन होत नाही.

गोष्ट ऐंशी सालानंतरची, नेमकं साल विचारू नका. आम्ही तिघंही अल्लीपूरचे. मी हिंगणघाटला एका कचेरीत कारकून. दुसरा मिस्त्री, मोटारपंप आणि इंजिनं दुरुस्त करायचा. तिसरा शेतकरी, कपाशी आणि तूर पेरणारा. तिघांकडेही जुन्या घेतलेल्या फटफट्या होत्या आणि शनिवार-रविवारी त्या कुठंतरी पिदडल्याशिवाय आम्हाला अन्न गोड लागत नव्हतं. डांबरी रस्त्यावर काय, कोणीही गाडी चालवतो. आम्हाला पांदण लागायची, म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची कच्ची वाट.

त्या तिसऱ्याला आम्ही त्या उन्हाळ्यात नवरदेव म्हणायला लागलो होतो. वय तिशीला टेकलं होतं. बोलण्यात इतका कच्चा की मुलगी पाहायला गेला की पोह्यांच्या बशीकडे पाहत बसायचा, आणि लोक म्हणायचे, पोरगा मुका तर नाही ना? अशी बारा ठिकाणं हातची गेली. तेराव्या वेळी रोहण्याला गेलो. मीही सोबत होतो. याच्या हातून बशी सुटली, पोहे सतरंजीभर झाले, हा तिथंच खाली बसून एकेक वेचू लागला, आणि मुलगी हसली. कुचेष्टेनं नाही, मोकळी हसली, आणि खाली बसून याच्याबरोबर पोहे वेचू लागली. परत येताना या गड्यानं अर्ध्या वाटेत गाडी थांबवली. मग म्हणाला, "हिच्याशी नाई झालं, तर मी आता दुसरीकडं पाहाले जात नाई." मुलीकडूनही होकार आला. फक्त तिचे वडील आणि काका घर पाहायला येणार होते, ते झालं की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख. रविवारी सकाळी अकराला येतो म्हणून निरोप होता.

आणि मी शहाणा त्याच्या आदल्या दिवशी त्याला गिरडच्या रानात घेऊन गेलो.

त्याची आई नको म्हणत होती. मी म्हटलं, काकू, लग्नाआधीची शेवटची चक्कर आहे, रात्री रानात मुक्काम करतो आणि अकराच्या आत तुमचं पोरगं दारात आणून उभं करतो. ती म्हणाली, मुलीचा बाप साधा माणूस नाही, रिटायर्ड हेडमास्तर आहे. ते खरंच होतं. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि गुरुजी त्या कामात बुडालेले. कोणाच्या घरी दारू गाळतात कळलं की हे दारात जाऊन बसायचे, भांडं फुटेपर्यंत उठायचे नाहीत. असल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

शनिवारी दुपारी निघालो. मार्च सरत आला होता. कपाशी उपटून झालेली, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर, आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. पांदणीत बैलगाड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. पावसाळ्यात पडतात आणि उन्हाळ्यात विटेसारख्या कडक होतात. एकदा चाक त्यात उतरलं की हँडलचं काही चालत नाही, चाकोरी नेईल तिकडे जायचं. समोरून गाडी आली तर बैल तुमच्याकडे पाहतात, तुम्ही बैलांकडे. मिस्त्री असा एकदा एका कडब्याच्या गाडीत तोंड खुपसून थांबला आणि गाडीवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी दोनदा पडलो. नवरदेव मात्र मधल्या उंचवट्यावरून, वीतभर रुंदीच्या, गाडी अशी काढायचा की मी पाहतच राहायचो. बशी धरता येत नव्हती त्या हातांना, पण हँडल धरलं की तो वेगळाच माणूस व्हायचा.

गिरडच्या टेकडीखाली चहा घेतला, वर दर्ग्यावर जाऊन आलो आणि मागच्या रानात शिरलो. काळी माती संपून मुरूम लागला, सागाची वाळलेली पानं चाकाखाली करकरायला लागली. दिवस मावळायला आला तेव्हा मुक्कामाची जागा शोधू लागलो. सगळीकडे काटे, पाचोळा, खडे. आणि एका वळणावर अचानक ती जागा दिसली. एक थोरलं झाड, पान नसलेलं, आणि त्याच्या खाली चांगलं मोठं गोल अंगण, झाडून स्वच्छ. एक काडी नाही, एक पान नाही. माती थोडी काळपट, कोणी पाचोळा जाळून झाडल्यासारखी. मी म्हटलं, दर्ग्याच्या लोकांनी भाविकांसाठी करून ठेवलेली दिसते. दोघांनी मान डोलावली. आम्ही कपाशीच्या मुलखातले, आम्हाला काय कळतंय रानातलं? तिन्ही गाड्या ऐन मधोमध लावल्या, गाडीवरची ताडपत्री अंथरली, कडेला शेणाच्या गोवऱ्यांवर पानगे भाजले, वांग्याची भाजी केली, पोटभर जेवलो आणि झोपलो. आपलं नशीब केवढं थोर, असं मी झोपताना म्हटल्याचं आठवतं.

जाग आली ती गालावर काहीतरी पडलं म्हणून. मऊ, गार, ओलसर. मग ताडपत्रीवर टप्. मग डोक्याशी टप्. नुकतं फटफटत होतं. वारा अजिबात नव्हता, आणि झाड आपसूक गळत होतं. हाताला आलं ते एक गोंडस, रसरशीत, पिवळट फूल होतं, हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडं मोठं. वास असा गोड आणि जड की डोकं भारल्यागत झालं. उजेड वाढला तसं दिसायला लागलं. ते सगळं अंगण फुलांनी भरलं होतं. गाड्यांच्या टाक्यांवर फुलं, सीटवर फुलं, चाकांच्या चारी बाजूंनी फुलं, आणि वरून अजून येतच होती, एक इथं, एक तिथं, मग एकदम वीस. आम्ही तिघं ताडपत्रीवर उठून बसलो. बाप्पा, मी देव पाहिलेला नाही. पण त्या सकाळी मला भीती वाटावी इतकं सुंदर काहीतरी पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला आजही सांगता येत नाही.

मिस्त्री आधी भानावर आला. सहा वाजत आलेत, निघू या म्हणाला, आणि चप्पल घालायला पाय खाली सोडला. नवरदेवानं त्याचा पाय वरच्यावर धरला.

"पाय नको ठेवू," तो म्हणाला. "हे कोनाचं तरी खळं आहे."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खळं म्हणजे धान्य मळायची जागा, आणि शेतकऱ्याचं पोर खळ्यात चप्पल घालून जात नाही, मग रास कोणाचीही असो. हे झाड मोहाचं होतं, आणि ती जागा भाविकांसाठी नव्हे, फुलांसाठी झाडलेली होती. आम्ही लोकांच्या राशीच्या मधोमध बिछाना टाकून घोरत होतो. मी तरी म्हटलं, बाजूबाजूनं जाऊ. पण बाजू होतीच कुठे? तीन हात पलीकडे सगळं पिवळं. मी घड्याळाकडे पाहिलं, त्याला गुरुजींची आठवण दिली, थोडी फुलं तुडवली तर आभाळ कोसळत नाही म्हणालो. तो ऐकेना. मग काय, तीन घोडे पाय पोटाशी घेऊन ताडपत्रीवर बसून राहिलो, पूर आल्यावर छपरावर बसतात तसे.

थोड्या वेळानं बाई आली. पन्नाशीची असावी, डोक्यावर दोन टोपल्या, हातात काठी. तिनं गाड्या पाहिल्या, आम्हाला पाहिलं, आणि मग बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. कुठं पाय उमटलाय का, ते शोधत होती. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "बसा तसेच. उतरू नका." आणि कडेपासून वेचत वेचत आमच्याकडे यायला लागली. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, इतक्या झपाट्यानं की बोटं दिसत नव्हती. वेचता वेचता सांगत होती. झाड तिच्या सासूचं, आता तिचं. यंदाचा बहर तीन-चार दिवसांचाच उरला होता आणि आजचा सगळ्यात मोठा. हीच फुलं वाळवून पावसाळाभर घरात खायची. तुमच्या गाड्यांचा वास आला म्हणून अस्वल फिरकलं नसेल, नाहीतर ते रोज माझ्याआधी येतं, असंही म्हणाली. मिस्त्रीनं ताडपत्री अंगाभोवती ओढून घेतली.

तिनं हात टेकवायला जागा करून दिली तसे आम्हीही वेचायला लागलो. साडेसातला गाड्या काढण्यापुरती वाट मोकळी झाली. मी ढकलत गाडी बाहेर काढली, मिस्त्रीनंही काढली. अजून निघालो तर दहाला घरी. मी हाक मारली. नवरदेव गुडघ्यावर बसून वेचतच होता.

"चल ना लेका," मी म्हटलं. "तिकडं तुयी वाट पाहून राह्यले असतीन."

त्यानं मान वर केली नाही. "आपल्यापायी हिचा दीड तास गेला," तो म्हणाला. "नऊला गुरं सुटतात. जे खाली राह्यलं ते गुरांचं. तुमी व्हा पुढं."

मी चिडलो. बह्याड म्हटलं, अजून बरंच काही म्हटलं. तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू फुलं वेचतोस? त्याचा चेहरा उतरला होता, म्हणजे त्याला सगळं कळत होतं. पण हात थांबले नाहीत. शेवटी मी गाडी स्टँडला लावली. मिस्त्री आधीच परत जाऊन बसला होता. गुरं आली तेव्हा आम्ही तिघंही वेचत होतो, आणि एक जण उठून त्यांना हाकलत होता. झाड दहाला थांबलं. खाली एक फूल उरलं नव्हतं. बाईनं दोन टोपल्या आणि आमची अख्खी ताडपत्री भरलेली पाहिली, तिच्यावर हात फिरवला, आणि म्हणाली, ताडपत्री परवा गिरडच्या चहावाल्याकडे ठेवते.

अल्लीपूरला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. गुरुजी आणि त्यांचे भाऊ निघण्यासाठी दारात उभे होते. नवरदेव पाया पडायला वाकला आणि गुरुजी दोन पावलं मागे सरले. आमच्या कपड्यांना, हातांना, केसांना मोहाचा वास मारत होता. दारूबंदीच्या जिल्ह्यात, जिथं याच फुलांची चोरून दारू गाळतात, त्या वासाचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. डोळे उन्हानं आणि धुळीनं लाल. मी पुढे होऊन समजावू लागलो, गिरडच्या मागचं रान, बाई, झाड, गुरं, अस्वल, आणि जितकं बोलत गेलो तितकं ते थापेसारखं वाटायला लागलं. नवरदेव एकच वाक्य बोलला, फुलं वेचत होतो म्हणून उशीर झाला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि गेले.

काकूंनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नवरदेव दुसऱ्या दिवसापासून शेतात जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मी समोर गेलो की म्हणायचा, तुझा काही दोष नाही, आणि ते ऐकून मला आणखीच मेल्यासारखं व्हायचं. तीन दिवस मी कचेरीत एक कागद नीट लिहिला नाही.

चौथ्या दिवशी रजा टाकून दुपारी मी नवरदेवाच्या ओसरीवर बसलो होतो, काकूंनी बोलावलं म्हणून तोही त्या दिवशी शेतातून जेवायला आलेला. फाटकातून गुरुजी आत आले. एकटेच. पांढरे कपडे मळलेले, धोतराला गुडघ्यांवर पिवळे डाग, टोपी खिशात. ते जवळ आले आणि मी आणि नवरदेवानं एकमेकांकडे पाहिलं. गुरुजींना मोहाचा वास येत होता. असा भपकारा, की ओसरीवरचं कुत्रं उठून लांब गेलं.

काकूंनी पाणी दिलं. त्यांनी तांब्या संपवला. मग सांगितलं, ते काल एसटीनं गिरडला गेले, चहावाल्याला विचारून बाईचं घर काढलं, रात्री दर्ग्याच्या ओट्यावर झोपले आणि पहाटे झाडाखाली गेले. खरं-खोटं स्वतः पाहायचं, ही त्यांची जन्माची सवय. बाई वेचताना थांबायला तयार नव्हती. बोलायचं असंल तर बसा आणि वेचा, म्हणाली. ते दहा वाजेपर्यंत बसले. जे विचारायला गेले होते ते विचारायला अर्धंच मिनिट लागलं, बाकीचा वेळ ते वर पाहत होते, असं म्हणाले.

मग ते नवरदेवाकडे वळले.

"हिंगणघाटच्या गाडीत कंडक्टरनं मले उतरवाले घंटी मारली होती," ते म्हणाले. "म्हणे, या वयात, म्हातारबुवा, शोभते का? तीस वर्षं मी लोकांच्या दारात बसलो. आज सगळी गाडी माह्याकडं तशी पाहून राह्यली होती, आन् मले एक शब्द बोलता आला नाई. तवा मले तुमचं तोंड आठवलं, बापू."

नवरदेव खाली मान घालून उभा होता. कपाळावरची शेतातली माती घामानं ओघळत होती.

"रविवारी घरी गेलो तवाच पोरीनं मले सांगतलं होतं," गुरुजी म्हणाले. "म्हणे, बाबा, तो माणूस खाली सांडलेलं वेचल्याशिवाय उठत नाई. मी ऐकलं नाई."