सिमेंटच्या कविता आणि बिननावाची भाषांतरं

प्रोफेसरांनी आमच्याच कॅटलॉगचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या नावावर चौदा पुस्तकं होती. तेरा ठीक होती. चौदाव्याखाली त्यांनी जाड रेघ ओढली होती.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "काढून टाका."

साल २००४. शिकागोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी कॅटलॉगर होते. आलेल्या पुस्तकाची नीट नोंद करायची, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतं, एवढंच आमचं काम. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत भाजी घेताना भेटणाऱ्या काकूंना मात्र मी दिवसभर शिक्के मारते असंच वाटायचं.

प्रोफेसरांना मी इथे अगीम म्हणते, खरं नाव वेगळं. अल्बेनियातून आलेले, साठीकडे झुकलेले, आमच्याकडेच साहित्य शिकवायचे. त्यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत आल्या होत्या, लोककथांवरचा अभ्यास नावाजलेला होता. आणि चौदावं पुस्तक म्हणजे तिकडच्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीतला एक बारीकसा कवितासंग्रह. विषय, सिमेंटची फॅक्टरी.

तो त्यांच्या नावाला जोडला होता मीच. एकाच लेखकाचं नाव प्रत्येक पुस्तकावर सारखं असतंच असं नाही. कुठे मध्ये वडिलांचं नाव, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे स्पेलिंगच निराळं. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत हे शोधून ती एका नोंदीत आणायची, तिला आम्ही ऑथॉरिटी रेकॉर्ड म्हणतो. मला अल्बेनियन येत नाही. पण जन्मसाल जुळलं, गाव जुळलं, आणि मागच्या पानावरच्या लेखक-परिचयाचा अर्थ मी डिक्शनरी घेऊन लावला. सोमवारच्या मीटिंगमध्ये माझी बॉस कॅरल म्हणाली, "नाइस वर्क, रजनी." मी आठवडाभर खूश होते.

"त्या नावाचा दुसरा कोणी असेल," प्रोफेसर म्हणाले.

मी पुस्तक आणून मागचा फोटो दाखवला. कपाळ तेच. कान तर नक्कीच तेच.

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "हे केस माझे नाहीत."

ते मात्र खरं होतं. आता नव्हते.

मग ते खुर्चीत बसले. त्यांच्या सेमिनारमधल्या एका विद्यार्थिनीला माझ्या नोंदीमुळे हे पुस्तक सापडलं होतं. तिने त्यातली एक कविता भाषांतर करून वर्गात वाचली. "भट्टीच्या धुराला मी पहाट म्हटलंय," ते म्हणाले. "वीस वर्षांचा होतो. असं लिहिलं की कॉलेजात जागा मिळायची. आता मी सेन्सॉरशिप शिकवतो, मिसेस देशमुख. त्या वर्गात ही कविता."

मला वाईट वाटलं. मी कॅरलकडे गेले. "काढता येईल?"

"पुस्तक त्यांचं आहे?"

"आहे."

"मग राहू दे. आपण पुस्तकाची नोंद ठेवतो, पश्चात्तापाची नाही."

हे मी जरा गोड करून त्यांना सांगितलं. ते प्रिंटआउट उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी परत हजर. हातात आमच्याच शेल्फवरचं पुस्तक, ग्रीक नाटकांचं अल्बेनियन भाषांतर. अनुवादकाच्या जागी फक्त 'संपादक मंडळ'.

"नाव आहे म्हणून ते माझं, तर नाव नसलेलं हेही माझंच. घाला माझं नाव."

हळूहळू हकीकत कळली. कवितासंग्रहानंतर तीनच वर्षांनी त्यांचे मामा सीमा ओलांडून पळाले. शिक्षा मागे राहिलेल्या सगळ्या घराला झाली. अगीमची रवानगी एका खेड्यात, आलुबुखाराच्या बागेत मजुरीला. त्यांचं नाव छापायला बंदी. पण ज्या संपादकाने कविता छापल्या होत्या, तो गुपचूप भाषांतराचं काम पाठवायचा. शाळेच्या वह्यांत लिहिलेलं परत जायचं आणि मंडळाच्या नावाने छापलं जायचं. पकडला गेला असता तर तोही त्याच बागेत आला असता.

"पुरावा काही?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली, पण पुस्तकावर नसलेलं नाव घालायला कुठला तरी लेखी आधार लागतो.

"छापून झाल्यावर त्याने वह्या जाळल्या."

"आणि तो संपादक?"

"अल्बेनियातच, तिरानात असतो. नव्वदीचा असेल. इकडे आल्यापासून मी त्याला फोन केला नाही."

"का?"

"काय बोलणार? त्यानेच मला सिमेंटवर लिहायला लावलं, आणि त्यानेच वाचवलं."

"त्यांचं पत्र आलं तर आम्हाला चालेल," मी म्हणाले.

त्यांनी दिलेल्या पत्त्यावर लायब्ररीतर्फे मीच विचारणा पाठवली. सहा आठवड्यांनी लायब्ररीच्या पत्त्यावर पत्र आलं. टाइप केलेली दोन पानं, खाली थरथरती सही. मी प्रोफेसरांनाच वाचायला बोलावलं. ते उभ्याउभ्याच इंग्रजीत सांगू लागले. भाषांतर एक नव्हतं, पाच होती. प्रत्येकाचं नाव, साल, कुठल्या वहीत किती खाडाखोड होती, सगळं. दुसऱ्या पानावर ते थांबले.

"पुढे काय लिहिलंय?"

"'हा मुलगा मला सिमेंटच्या कवितांमुळे भेटला. विषय मी दिला होता. त्या वर्षी आम्ही छापलेल्या सगळ्यांत त्याच कविता चांगल्या होत्या, असं माझं आजही मत आहे.'"

त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. मला काय करावं कळेना. त्यांनी वर पाहिलं तेव्हा ते हसत होते, पण चष्मा काढून डोळेही पुसत होते.

"पहिलंच पान फाइल करता येईल?"

"पत्र एक आहे, सर. अर्धा पुरावा घेता येत नाही."

"हे तुमची बॉस म्हणते?"

"मी म्हणते."

त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सगळं ठेवा. मला एक कॉपी द्या. म्हाताऱ्याला उत्तर लिहायचंय."

संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावावर एकोणीस पुस्तकं झाली. नवी यादी त्यांनी माझ्यासमोर बसून वाचली आणि स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या.

तेव्हापासून दोन नावं जोडण्याआधी, लेखक हयात असेल तर मी त्याला एक ईमेल टाकते. तसा नियम नाही. उत्तर काहीही आलं तरी जोडायची ती नावं मी जोडतेच. पण वर्गात कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेलं बरं.