ओटीवरचा पाहुणा

संगणकाला मोठ्याने "का?" असं विचारणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आमच्या बाई. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात त्या संगणक विभाग सांभाळायच्या. विभाग म्हणजे बाई, एक युनिक्स मशीन, एक मोडेम आणि मी. माझा खरा उपयोग मोडेमवरची धूळ पुसण्यापुरताच होता. पण हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

ठाण्याच्या हेड ऑफिसला फाइली पाठवायचा प्रोग्राम आम्ही स्वतःच बनवायचो. तो फुकट मिळे, पण कच्चा, म्हणजे नुसता सोर्स कोड. आधी कॉन्फिगर करायचा, म्हणजे त्यात काय घालायचं, काय वगळायचं, तयार झाल्यावर कुठे ठेवायचं, ते सगळं एका ओळीत मशीनला सांगायचं. मग मशीन तो अर्धा तास रांधत बसे. बाई पर्यायांची अख्खी यादी पोथीसारखी वाचत आणि वहीत प्रत्येकापुढे कारण लिहीत. "कारण लिहिता येत नसेल तर हात लावू नकोस, हुशारराव!" कारखान्यात सगळ्यांना त्या अहो-जाहो करत. मला अरे-तुरे, आणि वर ही पदवी.

नवा प्रोग्राम बाई जुन्याच्या जागी कधीच ठेवत नसत. त्याच्यासाठी 'ओटी' नावाची वेगळी डिरेक्टरी होती. "अनोळखी पाहुण्याला आधी ओटीवर बसवावं. आठ दिवस बघावं, मग आत घ्यावं." मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

मग तो दिवस आला. ठाण्याचे मोठे साहेब दोन वाजता स्वतः पडद्यासमोर बसणार होते. बाईंची फाइल वेळेत पोचली तर विभाग बाईंकडे. नाही पोचली तर बाईंची रवानगी भांडारात. साडेबाराला बाई प्लँटमध्ये गेल्या आणि मला वाटलं, आजच्या दिवशी नवी, वेगवान आवृत्ती लावून त्यांना चकित करावं.

चकित झाल्या. ओळख पटवण्याच्या भागावर एरर येत होती, म्हणून तो भागच मी वगळला. कुठे ठेवायचं ते सांगितलंच नाही, त्यामुळे पाहुणा थेट जुन्याच्या जागी जाऊन बसला. जुन्याची राखीव प्रत होती, ती मी डिस्कवर जागा करायला आधीच पुसलेली. सव्वा वाजता ठाण्याच्या मशीनने ओळखीशिवाय दार उघडायला नकार दिला, आणि नेमक्या तेव्हाच बाई दारात.

"काय केलंस?"

सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कपाटातून जुन्या प्रोग्रामच्या कच्च्या कोडच्या फ्लॉप्या काढल्या. "वही धर. वाच. एकही शब्द गाळू नकोस."

मी वाचत गेलो, त्या टाइप करत गेल्या. मग पडद्यावर ओळी सरकू लागल्या. एक चाळीस. एक पन्नास. बाईंचा डबा टेबलावर बंदच. मी बोलायला तोंड उघडलं की नुसतं बोट वर करायच्या. एक अठ्ठावन्नला प्रोग्राम तयार झाला. मोडेम किंचाळला, ठाण्याची लाइन एंगेज. पुन्हा एंगेज. तिसऱ्या खेपेला लागली.

फाइल दोन वाजून सहा मिनिटांनी पोचली. लगेच फोन वाजला. साहेबांचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता, "बाई, सहा मिनिटं! कोणी घोळ घातला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी, साहेब. एक पर्याय वगळला गेला माझ्याकडून."

फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी पुन्हा मान डोलवली.

पुढच्या सोमवारी बाई भांडारात गेल्या, पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर. विभाग मला मिळाला. जाताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "हुशारराव, ओटी सांभाळ."

अजूनही मी कुठल्याही मशीनवर पहिली डिरेक्टरी त्याच नावाची करतो. हाताखालची पोरं हसतात. वहीही आहे. तिच्यात बाईंच्या अक्षरातली शेवटची नोंद अशी: "ओळख पटवण्याचा भाग. वगळू नये. कोणी वगळला: मी."

त्या 'मी'वर काट मारून तिथे माझं नाव घालायचं बाईंच्या हयातीत राहून गेलं. काल घातलं. कारणाच्या रकान्यात मात्र अजून काही सुचलेलं नाही.