राखेतलं बियाणं

"सिस्टर, आयेला काय सांगू नका. ऐकलंन तर खचेल ती."

वॉर्डाच्या दारात मुलगा हात जोडून उभा होता. मुंबईहून रजा टाकून आलेला. आई लांज्याकडची, शेतात राबलेली. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, असं डॉक्टर बोलले होते.

मी रत्नागिरीतल्या त्या हॉस्पिटलात आया होते. शिक्षण चौथी. बेडपॅन द्यायचं, अंग पुसायचं, हे माझं काम. बोलायचं काम सिस्टरांचं.

नलिनी सिस्टर मुलाला म्हणाल्या, "आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

मग स्टूल ओढून बेडजवळ बसल्या. "काकी, तब्येतीचं काय वाटतं तुम्हाला?"

"वाटायचं काय? चाललेय मी. ह्यो सांगतो, आये, पेरणीला घरी जाशील. नि बाहेर जाऊन रडतो. मी काय आंधळी हाय?" मग हळूच म्हणाली, "खरं ना गो बाय?"

सिस्टरांनी तिचा हात धरला. घाई केली नाही. "खरं आहे, काकी. बरं होण्यासारखं नाही. पण दुखू देणार नाही."

मी फडकं घेऊन उभी. वाटलं, आता टाहो फोडणार. म्हातारी बोलली, "मग हितं कशाला पडलेय? बियाणं राखेत घातलंय. कुठल्या मडक्यात काय, सुनेला म्हाईत नाय. चिबुडाचं नि काकडीचं बी सारखंच दिसतं, एकत्र करून ठेवील."

सिस्टर बाहेर आल्या तसा मुलगा त्यांच्यावर चिडला. "सांगितलंत ना शेवटी?"

"त्यांना आधीच माहीत होतं. तुम्ही मरणाचं बोलू नका. घरी काय राहिलंय, एवढंच विचारा."

तो आत गेला. बेडच्या पायथ्याशी उभा राहिला.

"बस आधी," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाला. दुखण्याचं औषध कसं द्यायचं, ते सिस्टरांनी न्यायला आलेल्या सुनेकडून करवून घेतलं. म्हातारी घरी पोचली, पेरणीच्या आत.

गणपतीच्या सुमाराला मुलगा चिबूड घेऊन आला. "आयेच्या बियाण्याचा. जाण्याआधी पडल्या पडल्या सगळी मडकी दाखवलीन."

चिबूड पिकून फुटलेला, वास खरबुजासारखा. साखर घालून ड्युटी रूममध्ये खाल्ला. बिया मी घरी नेल्या. माझ्या परसात अजून तोच वेल लागतो. नलिनी सिस्टर रिटायर होऊन गावी गेल्या. चिबूड कापला की त्यांची आठवण येते.

शेजारची मुलगी आता नर्सिंग शिकते. विचारते, "मावशी, अशा पेशंटशी बोलायचं कसं?"

मी सांगते, आधी बसायचं. उभ्या माणसाला कोणी मरणाचं विचारत नाही.