हिरवा पू आणि रबरी हातमोजे

सर्जरीच्या वॉर्डात मी सिस्टर होते आणि वॉर्ड माझा होता. डॉक्टर येत-जात, खाटा, ट्रॉली आणि नातेवाइकांचे रुसवेफुगवे माझ्या वाट्याला. नव्वदच्या दशकात आमच्या वर्धा जिल्ह्यातले लोक ऑपरेशनला घाबरायचे. मला मात्र भीती वाटायची ती त्यानंतरच्या दिवसांची. हाड नीट बसलेलं, टाके सुरेख घातलेले, आणि पट्टी सोडावी तर आत हिरवट पू. त्याचा तो गोडसर, कुबट वास आला की माझं डोकंच फिरायचं, कारण हा पू कुणी घरून आणत नसे. तो दवाखान्यातच लागे; एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर, आमच्याच हातांनी आणि भांड्यांनी.

म्हणून माझ्या वॉर्डात कायदा होता. ड्रेसिंगची ट्रॉली आधी स्वच्छ जखमांकडे जाणार, पू असलेल्याकडे सगळ्यांत शेवटी. त्याची खाट कोपऱ्यात, भांडी वेगळी, आणि हातमोज्यांशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. हातमोजे तेव्हा जपून वापरावे लागत, बाकीच्यांचं चिमट्यांवर भागायचं.

समुद्रपूरकडच्या एका खेड्यातली पोर बैलबंडीवरून पडून पाय मोडून आली. लग्नाच्या वयाची, तोंडाची टकळी चालूच. पायात सळई घातली, सगळं ठीक होतं. मग ताप चढला, पट्टी सोडली, आणि तोच वास. मी तिची खाट लगेच कोपऱ्यात हलवली.

तिचा बाप शेतकरी, आमच्यासारखाच बौद्ध. आधी तो नुसता बघत राहिला. मग एका सकाळी ट्रॉली घेऊन पोचले तर त्यानं पिशवी भरून ठेवलेली.

"पोरीले घरी नेऊन राह्यलो," तो म्हणाला.

"काऊन?"

"सर्व्यायचं झाल्यावर आमची पाळी. खाट कोपऱ्यात. भांडे अल्लग. अन् हात लावाचा तं रबर घालून. माह्या बापानं हेच भोगलं, बाई. मले नवं नाई हे."

एरवी माझी जीभ तिखट, पण त्या दिवशी राग आला नाही. आमच्या घरातल्या थोरांनीही वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. त्या माणसाला जे दिसत होतं ते मलाही दिसलं. पण आदल्या वर्षी असाच पू घेऊन हट्टानं घरी गेलेला एक तरणा माणूस परत आला, तेव्हा त्याचा पाय कापावा लागला होता. हिचाही गेला असता, कदाचित जीवही.

"काकाजी, मी तुमच्यातलीच हाये," मी म्हणाले. "हा पू तिनं घरून नाई आणला. आमच्या दवाखान्यातच लागला तिले."

"म्हंजे तुमीच देल्ला?"

"आमीच. म्हणून इथंच बरा करीन. तिचं दुसऱ्याले लागू नये, अन् दुसऱ्याचं तिले लागू नये, याच्यासाठी हे सारं."

"असं हाये तं काढा ते हातमोजे. लावा हात."

सगळा वॉर्ड कान टवकारून ऐकत होता. हात लावला असता तर तो तिथल्या तिथे निवला असता.

"नाई लावणार," मी म्हणाले. "पू बंद होईन त्या दिवशी सर्व्यायच्या समोर लावीन. तवर पिशवी खाटेखाली ठेवा."

त्यानं ठेवली, पण भरलेलीच.

जखम उघडून धुतली, लॅबचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलली. पोर वाळून गेली, टकळी थांबली. भेटायला आलेले सोयरे आपल्याकडे पेशंटच्या खाटेवरच ऐसपैस बसतात. पण तिचा बाप कुणालाच टेकू देईना. पोरीच्या मामीलासुद्धा त्यानं साबण घेऊन नळावर पिटाळलं. रोज सकाळी मात्र माझ्या हातांकडे बघून विचारायचा, "आज?"

"आज नाई."

मग ताप उतरला. पू आटला, रिपोर्टही स्वच्छ आला. त्या सकाळी मी हातमोजे काढले, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि सगळ्या वॉर्डादेखत तिच्या नडगीवर हात ठेवला.

"लय थंडा हाये तुमचा हात," पोर म्हणाली.

बापानं दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"काकाजी, आता नेता येईन घरी," मी म्हणाले.

त्यानं खाटेखालची पिशवी ओढली आणि एकेक वस्तू काढून पोरीच्या उशाशी मांडायला लागला.

"राहू द्या अजून तुमच्याजवळ," तो म्हणाला. "घाई नाई."