पाव्हणा दारातूनच परत

माझे वडील, आमचे आप्पा, साखरेची पोती ट्रकनं उत्तरेला न्यायचे आणि येताना अफूची सवय घेऊन आले. आधीही एकदा सोडून परत धरली होती. या खेपेला सुटली नाही तर आई आम्हाला घेऊन माहेरी निघणार होती, आणि आई बोलली की करायचीच.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. पण दर आठवड्याला इस्लामपूर गाठायचं, तिथून सांगलीची एसटी धरायची, तीही अफू सोडताना होणारे जुलाब, जांभया आणि गळतं नाक घेऊन! डॉक्टरच म्हणाले, "रविवारी फोन करत जा." गावात नुकताच एसटीडी बूथ झाला होता. त्याला काच होती, पण आप्पा फोनशिवायही सांगलीला ऐकू जाईल असे बोलायचे. म्हणून आईनं युक्ती काढली. अफूचं नावच घ्यायचं नाही, तलफ आली की 'पाव्हणा आला' म्हणायचं. डॉक्टरही हसून कबूल झाले.

घरात लग्नाची मुलगी असताना पाव्हणा म्हणजे कोण, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती लग्नाची मुलगी मी!

"आवं डॉक्टर, पाव्हणा परवा दारापातूर आला हुता! हाकलला त्याला!" आप्पा गरजले. रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या रविवारी, "लय चिवट हाय! पर म्या घरात घेतला न्हाई!"

झालं. आम्ही आलेली स्थळं उंबऱ्यावरून पिटाळतो, असा गावभर बोभाटा झाला. पिठाच्या गिरणीत एकीनं मला गाठून विचारलं, "काय गं, पोरगा टकला हुता व्हय?" आम्ही घरी पोट धरधरून हसायचो. पाय ठणकत असताना आप्पाही हसायचे. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं आणि मला नुसतं नाचावंसं वाटायचं.

गळीत हंगाम संपता संपता एका रविवारी आप्पा फोनवर पहिल्यांदाच हळू बोलले. "लय दिस झालं, डॉक्टर. पाव्हणा आता फिरकत बी न्हाई." आई बूथच्या पायरीवरच बसली आणि हमसून रडायला लागली.

बूथवाल्या काकूंना राहवेना. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगंस बाई. आज ना उद्या त्योच पाव्हणा परत यील बघ."

"नगं!" मी, आई आणि काचेआडून आप्पा, तिघं एकदमच ओरडलो.