काळ्या बॅगेचा माणूस

वाशी नुकती वसत होती तेव्हाची गोष्ट. आमच्या सेक्टरातल्या दवाखान्यात औषध कंपनीचा एक माणूस नेहमी दिसे. उकाड्यातही टाय, मांडीवर काळी बॅग. आत बोलावेपर्यंत तो नव्या गोळीचं नाव आणि गुण पुटपुटत पाठ करी.

एकदा आईला घेऊन गेलो होतो. त्याला विचारलं, "हिच्या सांधेदुखीला जुनी स्वस्त गोळी चालायची. डॉक्टर आता ती लिहीत नाहीत. वाईट आहे का?"

"छे, चांगली आहे. पण तिच्यासाठी बॅग घेऊन कोण येणार?" असं म्हणून त्याने टाय सारखा केला आणि आत गेला.

त्याच्यामागून आमचा नंबर लागला. डॉक्टरांचं अक्षर मला कधी लागत नसे. त्या दिवशी चिठ्ठीवरचं नाव लगेच लागलं. बाकावर बसून तेच तर ऐकत होतो.