चौतीस दातांचा पत्रकार

सायकलच्या चेनवर माती बसते तसे आमच्या ग्रुपवर किस्से बसतात. पुसायला जावं तर हात काळे होतात, म्हणून मी आपले लिहूनच टाकतो. ग्रुप चौघांचा. चाकणच्या एका कंपनीत टूलरूम सांभाळणारा कदम, मारुंजीत भाड्याने राहणारी आयटीवाली स्नेहा, थेरगावचे मूळ गावकरी बाळूशेठ आणि बातमीदारीत केस पांढरे केलेला मी. दर रविवारी सकाळी सायकलवरून भंडारा डोंगर चढायचा. नियम एकच: पाय जमिनीला टेकला की चढाई बाद!

माझी चढाई लागोपाठ पाच रविवार बाद झाली. शेवटच्या वळणावर चेन 'खट्' करून सटकायची आणि पाय टेकायचा. दोष चेनरिंगचा, म्हणजे पेडलपाशी जी दातेरी चकती असते तिचा, हे मी ओरडून सांगत होतो. बाकीचे तिघं माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. सरळसरळ बदनामी!

*

चेनरिंग बदलायचं ठरलं. पण किती दात्यांचं? जुनं चौतीसचं होतं. दाते कमी तितका चढ हलका. स्नेहाने लॅपटॉपवर गणित मांडलं.

"सर, तुमचं वजन?"

"पंचाहत्तर."

"काकूंनी ब्याऐंशी सांगितलं."

"सूत्रांची नावं फोडायची नसतात!" मी खडसावलं.

उत्तर आलं तीस. मी भडकलोच. "चौतीसच घेणार! तीस म्हणजे म्हातारा झाल्याचा दाखला!"

बाळूशेठ बुटाची नाडी बांधत म्हणाले, "डोंगर काय दाखला मागतोय व्हय, सर?"

*

चेनरिंग चार बोल्टांवर बसतं. दुकानदार म्हणाला, त्या बोल्टांच्या वर्तुळाचं माप पाठवा. मी बायकोची शिवणकामाची टेप घेऊन मोजलं आणि आमच्या ग्रुपवरही टाकलं: 'साधारण दहा सेंटिमीटर.'

दोन मिनिटांत कदमचा फोन. माणूस लातूरकडचा, एरवी कधी आवाज चढवत नाही.

"सर, 'साधारण' हे काय माप असतंय का? आमच्या शॉपमध्ये साधारण म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवतेत!"

संध्याकाळी व्हर्नियर घेऊन घरी हजर. चहाला हातसुद्धा न लावता त्याने मोजलं. "एकशे चार मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे आमच्याकडं मैलभर झालं, सर!"

मग म्हणाला, "विकत कशाला आणता? दोस्ताचं वर्कशॉप आहे. बनवून देतो. तुमचं जुनं फक्त द्या, सॅम्पल म्हणून."

*

आठवडाभराने कदमने ऑइल पेपरात गुंडाळलेलं नवंकोरं चेनरिंग आणलं. चौतीस दाते, आरशासारखं चकचकीत. सोबत तपासणीचा कागदसुद्धा: सगळी मापं टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल एवढ्याच फरकात, खाली सही! चार बोल्टांवर असं बसलं की मी कदमला तिथेच मिठी मारली.

रविवारी शेवटचं वळण आलं. खट्! पाय टेकला.

तिघंही पुन्हा माझ्या गुडघ्यांकडे. मग कदम खाली बसला. त्याने सॅकमधून जुनी चकती काढली आणि नवीवर लावून पाहिली. तंतोतंत! जुन्याचा जो दाता झिजून आकड्यासारखा वाकला होता, नव्याचा तोच दाता तितकाच वाकलेला. चौतीसच्या चौतीस!

"कदम, अरे, हे काय केलंस?"

"सर, ड्रॉइंग नव्हतं. जॉब सॅम्पलप्रमाणे केलाय." आवाजात अपराधीपणा औषधालाही नव्हता. "झीजसुद्धा टॉलरन्समध्ये आहे!"

*

शेवटी विकत घ्यायचंच ठरलं. सोसायटीच्या लिफ्टमधून मी चिंचवडच्या त्या दुकानदाराला फोन लावला.

"अहो, माझे दात पार झिजलेत! चौतीस आहेत. कमी करून मिळतील का?"

तो म्हणाला, तुमच्या बोल्टांवर तीस बसत नाही, चेन बोल्टांना घासेल. बत्तीसपर्यंतच खाली जाता येईल. वा! चार बोल्टांनी अब्रू राखली.

"मग बत्तीसच बसवा," मी ऐटीत म्हणालो. "आजच येतो!"

फोन ठेवला तर शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "बत्तीस तर सगळ्यांनाच असतात. तुम्हाला वरचे दोन कुठे होते?"

*

बत्तीसचं बसवून भंडारा डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिलो. आता चेनरिंग नवं. पाय टेकला तर दोष कुणावर ढकलणार? तिघं पुढे निघून गेले, वर जाऊन थांबतो म्हणाले. मी सर्वांत हलका गिअर टाकला आणि निघालो. वरच्या देवळापाशी हार विकायला निघालेल्या एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन माझ्याबरोबरच चढायला लागल्या.

पहिल्या वळणावर त्यांनी काळजीने विचारलं, "दादा, सायकल बिघडलीय का?"

"नाही, मावशी."

"मंग उतरून ढकला की. बिगी बिगी पोचाल."

मी दात ओठ खाऊन पेडल मारत राहिलो. शेवटचं वळण आलं. खट् झालं नाही! वर पोचलो तेव्हा तिघं रस्त्यातच उभे होते.

स्नेहाने विचारलं, "सर, खरं सांगा. वळणावर पाय टेकला?"

"नाही!"

"बघितलं कुणी?" कदम म्हणाला. त्याला पुराव्याशिवाय चालत नाही.

मी हँडलवर वाकून धापा टाकत होतो. तेवढ्यात मावशींनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"न्हाई टेकला त्यांनी," त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या. "मी पायथ्यापास्नं संगंच चालत व्हते की!"